राजाची एक उडी

ही गोष्ट खरी आहे. माझ्या मावसभावाच्या, सुबोधच्या घरी घडलेली. तुम्हाला पटावी असा आग्रह नाही, पण वाकोल्याच्या त्या घरात मी अजून मोबाइल हातात धरत नाही.

सतरा मार्च, रविवार. भर दुपारचे तीन.

सुबोध मोबाइलवर बुद्धिबळ खेळतो. तीन-तीन मिनिटांचे डाव. हरायला आला की हा भराभर काहीतरी खेळत सुटतो, समोरचा विचार करत बसतो आणि त्याची वेळ संपते. वेळ संपली की हार. आम्ही त्याला चेष्टेनं घड्याळचोर म्हणायचो.

त्या दुपारी समोर एक बिननावाचा खेळाडू आला.

त्यानं एक प्यादं सरकवलं. एकच घर.

मग दुसरं. तेही एकच घर...

सुबोध चपापला. असं खेळणारा एकच माणूस त्याला माहीत होता. त्याचे वडील, मधुकरकाका. काका गावाकडे जुन्या पद्धतीनं शिकलेले. प्यादं पहिल्या चालीलाही दोन नाही, एकच घर, आणि शह बसायच्या आत राजाला घोड्यासारखी एक उडी. मोबाइल ती उडी काही घ्यायचा नाही. काका काचेवर बोट टकटक आपटत राहायचे. "राजाक एक उडी आसता रे," म्हणायचे, आणि तेवढ्यात त्यांची वेळ संपायची.

काकांना जाऊन सव्वा महिना झाला होता.

दोघांचा शेवटचा डाव हॉस्पिटलात झाला. काका जिंकत होते, पण हात थरथरत होता. सुबोधनं तिथंही घड्याळावरच डाव मारला. दुसऱ्या दिवशी सकाळी काका गेले. ते जिंकणं त्याला फार लागलं होतं. कोणाला बोलला नाही इतकंच.

आता त्याला बहिणीचा संशय आला.

"श्रुतिका, बाबांच्या मोबाइलवरून तूच खेळतेयस ना? ही कसली मस्करी?"

ती कणीक मळता मळता तशीच बाहेर आली. "डोकं फिरलंय काय तुझं? तो मोबाइल कपाटात आहे. बॅटरी फुगली म्हणून तूच काढून टाकलीस ना?"

त्याचा विश्वास बसेना. आपली खेळी करून तो उठला. तिला समोर खुर्चीत बसवलं. कपाट उघडलं.

मोबाइल होता. बंद. मागचं झाकण उघडं, बॅटरीची जागा रिकामी.

आणि तेवढ्यात त्यातूनच...

टक. टक. टक.

श्रुतिका खुर्चीतच होती. दोन्ही हातांना कणीक लागलेली. ती रडायला लागली होती.

सुबोधनं आपला मोबाइल पाहिला. त्यानं अजून शह दिला नव्हता. आणि समोरचा राजा... अडीच घरं उडाला होता.

मोबाइलनं ती खेळी घेतली होती.

आता पाळी सुबोधची. त्याचे अकरा सेकंद उरलेले. समोरच्या घड्याळात आकडाच नव्हता.

आयुष्यात पहिल्यांदा त्याला खेळी सुचेना. "बाबा, माझं चुकलं," एवढंच म्हणाला आणि त्यानं अॅप बंद केलं.

त्यानंतर त्यानं नवा मोबाइल घेतला. नवं खातं उघडलं. तो डाव तिथंही चालू दिसतो. बंद ठेवला तर घड्याळ थांबतं, उघडला की चालतं.

गेल्या आठवड्यात त्यानं मला दाखवला. चार सेकंद होते.

"एक खेळी खेळून टाक ना," मी म्हणालो.

"बोटच उचलत नाही रे."

शून्य झाल्यावर काय, हे मी विचारलं नाही. त्याच्या तोंडाकडे बघून धीरच झाला नाही.

शेवटी श्रुतिकानं सुबोधचा तो नवा मोबाइल लपवला. पिठाच्या डब्यात, अगदी तळाशी.

काल दुपारी तिचा फोन आला. तीनच वाजले होते. डब्यातून टकटक येतेय म्हणाली.

"डबा उघडू नकोस," मी सांगितलं.



"मी नाही उघडत रे," ती म्हणाली. "सुबोध उघडतोय."