रिकामा वेढा

दोरीवर माणसाचं वजन आलं की ती बारीक करकरते. मी जन्मभर कौलं घातली, छपरांवर दोरीच्या आधाराने पोट भरलं, त्यामुळे तो आवाज मला झोपेतही ओळखू येतो. पण सगळ्यात स्पष्ट ऐकला तो डोंगरावर, फार वर्षांपूर्वी. तुझा बाप तेव्हा तुझ्या आजीच्या पोटात होता.

त्याआधी आमचं एक मूल गेलं होतं. बाळंतपणाच्या वेळी जवळ जाणतं कुणी नव्हतं. या खेपेला ती म्हणाली, मी आईकडेच जाणार. आई सुईण होती, पण राहायची तीन शिखरांपलीकडे, आणि एकदा बर्फ पडला की ती वाट उन्हाळ्यापर्यंत बंद. झाडांची पानं गळून गेली होती. एखाददुसरा उघाडीचा दिवस हाती होता. उजाडताच निघालो. अंधार पडायच्या आत तिला आईच्या दारात पोचवायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

पहिलं शिखर उन्हात पार केलं. पोटुशी असून ती पुढे आणि मी धापा टाकत मागे. छपरावर माकडासारखे चढता, मग इथे काय झालं, म्हणून तिने माझी यथेच्छ चेष्टा केली. दुसऱ्या शिखरावर शिदोरी सोडली, तेवढ्यात खालून धुकं चढलं. बघता बघता हातभरापलीकडचं काही दिसेना.

मी दोरी काढली. एक टोक माझ्या कमरेला, मग तिच्या कमरेला, आणि उरलेली गुंडाळून तिच्या खांद्यावर. आमच्या कामात मोकळं टोक कधी लोंबू देत नाहीत. खाली कुणाचा तरी त्यावर पाय पडतो आणि वरचा माणूस जातो. तिने मात्र गुंडाळी सोडली, टोकाला कमरेएवढा वेढा बांधला आणि तो मागे टाकून दिला. तिच्याकडची रीतच तशी. वाटेत कुणी चुकलेला असला तर त्याला जागा हवी. मी म्हटलं, एवढी जागा आहे हे माहीत असतं तर शेजाऱ्यांनाही आणलं असतं. ती हसली नाही.

मी काठीने चाचपत पुढे निघालो. माझा श्वास, तिचा श्वास आणि मागे दगडांवर घासत येणारं ते रिकामं टोक, बाकी काही ऐकू येत नव्हतं. मग घासणं थांबलं. करकर सुरू झाली.

"थांबा," ती म्हणाली.

मला वाटलं, दमली. इथे बसलो तर गारठून जाऊ, म्हणून मी पाऊल उचललंच. दोरीने मला असं मागे खेचलं की मी खालीच बसलो. काठी पुढे टेकवली... टेकायला काही नव्हतं. एक खडा घरंगळत गेला, तो पडल्याचा आवाज आलाच नाही.

दोरी ओढलीस ते बरं केलंस, असं मी कसंबसं म्हणालो.

"मी नाही ओढली..." तिचा आवाज अगदी खाली गेला होता. "मलाच मागून ओढलंय. अहो... मागे वजन आहे. माणसाचं."

मी वळलो. तिच्यामागे दोरी ताठ ताणलेली, त्यापलीकडे नुसतं धुकं. आणि त्या ओल्या गारठ्यात वास आला, उन्हाने तापलेल्या धुळीचा. मी चाकू उघडला. तिने माझं मनगट धरलं.

"कापू नका. त्याने धरलं नसतं तर..."

तिचा दुसरा हात पोटावर होता. मी चाकू मिटला.

त्यानंतर आम्ही त्या दोरीचं ऐकत चाललो. चुकलो की ती ताणायची, बरोबर वळलो की सैल व्हायची. तिसरं शिखर कधी आलं, कधी गेलं, कळलं नाही. पायाखाली गवत लागलं, धुकं विरलं, आणि खाली सासूबाईंचं छप्पर दिसलं, त्यावर धूर. मी मटकन बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. ती माझी पाठ थोपटत राहिली. तेवढा हलका मी पुन्हा कधी झालो नाही, बाळा.

दोरी सैल पडली होती. आम्ही मागे पाहिलं.

धुक्याच्या कडेला एक माणूस उभा होता. बाजारात रोज दिसतात तसाच, ना म्हातारा ना तरुण. आम्ही दोघं चिंब भिजलेलो, त्याच्या खांद्यांवर मात्र कोरडी धूळ. तो आमचा वेढा डोक्यावरून काढत होता.

"दादा, घर समोरच आहे," ती म्हणाली. "चार घास खाऊन जा."

त्याने तिच्याकडे पाहिलं, मायेने. वेढा दगडावर ठेवला आणि मागे वळला. धुक्याशी पोचल्यावर वाकून त्याने आतून आलेलं एक टोक उचललं. दुसरीच दोरी, तिलाही वेढा. आमच्या मागून त्या दिवशी कुणी उतरलं नाही, त्यानंतरही नाही. सासूबाईंचं दार त्याच वाटेवर होतं, कुणी आलं असतं तर दिसलंच असतं.

त्याने तो वेढा कमरेत अडकवला. दोरी करकरली, ताणली गेली, आणि तो वर चालू लागला.