झाकणाची खिट्टी

सकाळी दवाखान्यातून फोन आला. आदल्या दिवशी उकळत्या पाण्यानं भाजलेली आजी गेली होती. फौजदारबाई तडक आजीच्या घरी पोचल्या.

"हिनंच मारलं माझ्या आईला!" मुलगा दारातच ओरडला. "विजेची किटली चालू ठेवून ही गच्चीवर कपडे वाळत घालत बसली."

आजींना सांभाळणारी आया भिंतीला टेकून उभी होती.

"किटली कोणी लावली?"

"मी."

"उकळल्यावर आपोआप बंद होते ना?"

"व्हायची."

"आता होत नाही? कधीपासून?"

आयानं मुलाकडे पाहून नजर वळवली.

"बघा, कशी मूग गिळून बसलीय," मुलगा म्हणाला.

फौजदारबाई ओट्याशी गेल्या. वरच्या कपाटाची फळी वाफेनं फुगली होती. त्यांनी किटली अर्धी भरून लावली. पाणी खळाखळा उकळलं, झाकणाच्या कडेनं वाफ सुटली, पण बटण काही पडेना. मग त्यांनी उलथन्यानं झाकण दाबून धरलं. थोड्याच वेळात बटण खट्कन पडलं.

प्लग काढून, पाणी निवल्यावर त्यांनी किटली मोरीत वाकवली. झाकण सताड उघडलं. त्याची खिट्टी कानशीनं घासलेली होती.

"हे कुणी केलं?"

मुलाचा चेहरा उतरला. "मी. आईची बोटं वाकडी झालेली. झाकण उघडताना डोळ्यांत पाणी यायचं तिच्या."

फौजदारबाई हळू आवाजात म्हणाल्या, "झाकण घट्ट असलं की वाफ आतून बटणामागच्या पट्टीपर्यंत जाते. पट्टी तापून वाकते, बटण पडतं. सैल झाकणातून वाफ बाहेरच गेली. आजींनी वाट पाहिली, शेवटी उकळती किटली स्वतःच उचलली. ओतायला वाकवली, झाकण उघडलं आणि सगळं पाणी अंगावर."

मुलगा मटकन खाली बसला.

"तुम्ही का नाही सांगितलंत?" फौजदारबाईंनी आयाला विचारलं. "तुरुंगात गेला असतात."

"रोज मी हातानं बंद करायचे. काल गच्चीवर उशीर झाला, ती चूक माझीच. आणि दवाखान्यात नेताना आजींनी शपथ घातली. म्हणाल्या, माझ्या लेकाला कळू देऊ नकोस, खचून जाईल तो."

मुलाला हुंदका आवरेना. आया त्याच्याजवळ जाऊन बसली. त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"रड, दादा," ती म्हणाली. "कालपासून रडलाच नाहीस तू."