उशिराची भरपाई

विश्वास ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण हे माझ्या सख्ख्या मामांच्या बाबतीत घडलंय. मामा खोटं बोलले की त्यांचे कान लाल होतात.

हे सांगताना कान पांढरेफटक होते.

मामा कुलपं उघडून देणारे. मागच्या हिवाळ्यात परगावी एक तिजोरी उघडून परत निघाले, तर गाडी वाटेत दोन तास रखडली.

घरी मामी एकट्या. सकाळपासून छातीत दुखत होतं...

मामी एकट्या असल्या की आतून कडी लावत. मामांनी दार वाजवलं की विचारत, "कोण?"

"मी."

"मी तर मीही आहे. पुढे बोला!"

चाळीस वर्षं हाच विनोद. दोघंही दर वेळी हसत.

त्या दिवशी आतून कुणी काही विचारलं नाही. मामांनी कडी कापली. उशीर झाला होता.

महिन्याभराने मामा स्टेशनवर गेले. रखडलेल्या गाडीची भरपाई मिळते, असं शेजारी म्हणाला होता. खरं म्हणजे घर खायला उठायचं. रांगेत निदान माणसं तरी असतात.

खिडकीतल्या बाईंनी तिकीट उलटसुलट पाहिलं. "काका, पैसे हवेत की वेळ?"

मामांना वाटलं, थट्टा. "वेळच द्या बाई. पैसे काय, चोरांच्या कृपेने मिळतातच."

बाई हसल्या नाहीत. शिक्का मारला. "मग घरी जा. सरळ घरीच."

भर दुपार होती.

जिन्यात चहाचा वास येत होता...

मामांनी चावी फिरवली. कुलूप उघडलं. दार हललं नाही.

आतून कडी होती.

जी कडी मामांनी स्वतः कापली होती. पुन्हा बसवलीच नव्हती.

आत चपला सरपटल्या... दाराशी येऊन थांबल्या.

"कोण?"

मामांनी दाराला कान लावला.

"अहो, कोण आहे?"

'मी' एवढंच म्हणायचं होतं. आवाज फुटेना. जगाची कुलपं उघडणारा माणूस चाव्यांचा जुडगा मुठीत धरून स्वतःच्या पायरीवर बसून राहिला.

आतून मधूनमधून प्रश्न येत होता. दर वेळी जरा हळू...

पुरे दोन तास.

मग सगळं गप्प झालं. दार आपसूक उघडलं.

आत कुणी नव्हतं. दारावर कडीही नव्हती. टेबलावर दोन कप. एक रिकामा. दुसरा बशीने झाकलेला...

अजून कोमट होता.

आता मामा रोज त्याच गाडीने जातात, त्याच गाडीने येतात. वाटभर 'मी, मी' घोकतात. शेजारचे प्रवासी जरा सरकून बसतात.

रेल्वेचा कारभार मी तुम्हाला सांगायला नको. पण त्या दिवसापासून ती गाडी एकदाही रखडलेली नाही.

काल मीही सोबत गेलो होतो. गाडी दोन मिनिटं आधीच पोचली.

मामा डब्यातून उतरेचनात.