जागरस

पठारावर तोरणीचं एकही झुडूप उरलं नव्हतं. ती नाहीशी झाल्यापासूनचा तिसरा पावसाळा सरत आला होता, आणि ठकूबाई धनगरणीच्या दारात बाजाराचा टेम्पो बकऱ्या न्यायला उभा होता.

वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वृंदा परचुरे पायवाटेनं वर आली. तोरणीचं बी टणक कवचात वर्षानुवर्षं झोपून राहतं. या झोपेला सुप्ती म्हणतात. बकऱ्या फळं खातात, रवंथ करताना बिया थुंकतात. चघळून कवच झिजतं, कुणाचं कमी, कुणाचं जास्त. म्हणून काही बिया यंदा उगवतात, काही वीस वर्षांनी. जुनी झुडपं रोगानं मरू लागली तेव्हा वृंदाला एवढा धीर नव्हता. तिनं जागरस शोधला. तो फवारला की मातीतली प्रत्येक बी नऊ दिवसांत उठे.

फवारणी झाली त्या वर्षी पाऊस वीस दिवस पडला आणि थांबला. सगळी रोपं एकदम वाळली. मातीत मागं कुणीच झोपलेलं नव्हतं.

"पंप मीच मारला," ठकूबाई म्हणाली. "तुम्ही म्हणलात, एकबी झोपलेलं ऱ्हाता कामा न्हाई. बकऱ्यांच्या वाड्यातला थुंकलेल्या बियांचा ढीगसुदीक भिजवला."

तिनं कनवटीची पुरचुंडी सोडली. नऊ बिया.

"थुंकलेल्याच हायती, कुडाच्या फटीत घावल्या. ह्यास्नी फवारा लागला न्हाई. घाला तुमचं औषध. नऊ दिसांत पाला दिसणार असंल तर टेम्पो माघारी धाडते."

बाटली वृंदाच्या पिशवीतच होती.

"नको, मावशी. नऊच्या नऊ एकदम उठतील आणि पाऊस थांबला की नऊच्या नऊ जातील. अशाच पेरा. आपापल्या वेळेला येतील."

"कवा?"

"एखादी चार वर्षांनी. एखादी तीस."

"तोवर बकऱ्यांनी काय खायाचं? तुमचं भाषण?"

टेम्पोवाल्यानं फळी लावली. पहिली बकरी अडली, मग चढली. तेरा बकऱ्या चढायला फार वेळ लागला नाही. पठारावरचा हा शेवटचा कळप होता.

टेम्पो वळणाआड गेल्यावर ठकूबाईनं बिया वृंदाच्या हातावर ठेवल्या.

"पेरा तुम्हीच. पर बाई, उद्या झाड आलं, फळ धरलं, तर त्याचं बी चघळायचं कुणी?"

वृंदाला उत्तर ठाऊक होतं. ठकूबाईलाही.

"मंग तुमचंच औषध," ती म्हणाली आणि रिकाम्या वाड्याचं फाटक सवयीनं लावून घेतलं.

वृंदानं मूठ मिटली. दुसऱ्या हातानं तिनं पिशवीतली बाटली चाचपली, बूच घट्ट असल्याची खात्री केली. आता ती फेकून देता येणार नव्हती.