एकेचाळिसाव्या कुंडीतील ओंजळभर माती

प्रारंभीच वाचकवर्गास नम्रपणे विदित करतो की, एका स्त्रीविषयी मला वाटलेले प्रेम, त्या प्रेमापायी माझ्या हातून घडलेला एक अपराध, आणि त्या अपराधानंतर जे घडले ते, असे सर्व मी येथे क्रमाने सांगणार आहे. माझे शिक्षण आठवीपर्यंतच झाले. तथापि सोळा वर्षे वजनकाट्यासमोर उभा राहिल्याने, जे आहे त्याहून अधिक वा उणे न सांगण्याची सवय मला जडली आहे. तरुण वाचकांनी निदान त्या सवयीवर भरवसा ठेवावा.

एका कृषी संशोधन केंद्राच्या काचघरात मी कामास होतो. तेथे ऐंशी कुंड्यांत गहू पेरला होता. रोज सकाळी प्रत्येक कुंडी काट्यावर ठेवायची, किती पाणी उडून गेले ते पाहायचे, आणि ठरलेल्या वजनापर्यंतच पाणी घालायचे, हे माझे काम. ते वजनही मुद्दाम कमी ठरविलेले. कारण गव्हाला तहान लागावी, हाच त्या प्रयोगाचा हेतू होता. "एक थेंबही जास्त नाही," अशी थोरल्या साहेबांची आज्ञा होती, आणि ती मी प्राणापलीकडे जपत असे. त्यावरूनच मला सगळे 'काटेवाले' म्हणत.

त्या दिवशी काचेवरून दवाचे ओघळ खाली उतरत होते, आणि ओल्या मातीचा वास काचघरात कोंडून राहिला होता. मी सतरावी कुंडी काट्यावर ठेवली, आणि आकडा पाहून चमकलो. कुंडी एका रात्रीत जड कशी झाली? मान वर केली, तो समोर एक अनोळखी बाई वाकून गव्हाची पाती निरखीत उभ्या! त्यांची निळी, सैल बाही काट्याच्या ताटलीवर अलगद टेकली होती.

"बाई... आपली बाही काढा. बारा ग्राम जास्त दाखवतोय."

त्यांनी दचकून हात मागे घेतला. आकडा खाली उतरला... बरोबर बारा ग्राम!

"बघितल्याबरोबर वजन सांगता?" त्या हसल्या. "मग तुमच्यापासून लांबच राहायला हवं."

"लांब कशाला? बाही तेवढी लांब ठेवा."

हे उत्तर माझ्या तोंडून कसे निघाले, ते मला आजतागायत उमगलेले नाही. एरवी मी मितभाषी माणूस!

बाई प्रयोगशाळेत नव्याने रुजू झाल्या होत्या. मुळे धुऊन तपासणे हे त्यांचे काम, म्हणून सर्वजण त्यांना 'मुळांच्या बाई' म्हणू लागले. एके दुपारी त्यांनी मला सूक्ष्मदर्शकापाशी बोलावले. गव्हाचे बारीकसे मूळ उकळून, शाळेत वापरतात त्या निळ्या शाईत व्हिनेगर घालून त्यांनी ते रंगविले होते.

"डोळा लावा. दिसतंय काही?"

"निळे धागे दिसतात. कोळ्यानं जाळं विणावं तसे."

"ती बुरशी. चांगली बुरशी बरं का, कुजवणारी नव्हे. मुळाचा हात जिथं पोचत नाही, तिथं हे धागे पोचतात. मातीच्या फटीफटीतलं पाणी ओढून आणतात, आणि मूळ त्यांना साखर देतं."

"म्हणजे दोघांचा संसार एकच म्हणायचा?"

"संसारच," त्या म्हणाल्या, आणि काचेची पट्टी उगाचच सरळ करीत राहिल्या... तिच्यात वाकडे काही नव्हते.

पहिल्या चाळीस कुंड्यांवर लाल पट्टी होती. त्यांच्या मातीत ही बुरशी मिसळली होती. एकेचाळीसपासून पुढे पांढरी पट्टी. त्यांची माती वाफवून निर्जीव केलेली, आणि तिच्यात बुरशीचा अंशही नव्हता. दोन्हींना तहान सारखीच. बुरशीमुळे गहू तहान सोसतो का, एवढाच प्रश्न होता. बाईंसाठी मात्र तो प्रश्न घरचा होता.

"आमच्या शेतात दाणा भरायच्या वेळेलाच ओल संपते," त्या एकदा म्हणाल्या. "बाबा रोज ओंबी दोन बोटांत दाबून बघतात. मऊ लागली की काही न बोलता घरी येतात. ते गप्प बसणं मला सोसत नाही, काटेवाले."

चौथ्या आठवड्यात पांढऱ्या पट्टीच्या कुंड्या माना टाकू लागल्या. सर्वांत आधी एकेचाळिसावी वाकली. बाई रोज तिच्यापाशी थांबत. एके दिवशी त्यांनी तिचे सुकलेले पाते बोटाने हलकेच उचलले, आणि म्हणाल्या, "हिच्याकडे बघवत नाही हो..."

एवढेच शब्द. परंतु मी ते घरी घेऊन गेलो. माझ्या थोरल्या बहिणीने वाढलेले ताट तसेच राहिले.

"काय रे, आज जेवण पण तोलून जेवणार का?" ताई म्हणाली. "एकदा स्वतःलाच चढव त्या काट्यावर. डोकं किती हलकं झालंय ते कळेल."

ताईचे निदान अचूक होते. दुसऱ्या दिवशी सकाळी, पाणी जास्त घालावे असे माझ्या मनातही आले नाही, कारण माझा काटा मी बाटविणार नव्हतो. मात्र मातीविषयी साहेबांनी मला काहीच बजावले नव्हते! मी चाळिसाव्या कुंडीतील ओंजळभर माती मुळांलगत उकरून एकेचाळिसावीत घातली, आणि तिची तेवढीच माती चाळिसावीत टाकली. दोन्ही कुंड्या तोलून पाहिल्या. एका ग्रामचाही फरक नव्हता. माझे मन निश्चिंत झाले.

महिनाभराने पांढऱ्या रांगेतील साऱ्या कुंड्या वाकलेल्या असता एकेचाळिसावी ताठ उभी होती. बाई आनंदल्या, नवल करू लागल्या. मी मनातल्या मनात फुलून आलो होतो. मग प्रत्येक कुंडीतून थोडी मुळे काढून बाईंनी ती तपासली, आणि साहेबांचा आवाज काचघरापर्यंत ऐकू आला.

"वाफवलेल्या मातीत बुरशी येईलच कशी, बाई? एक तर मुळं ठेवायच्या बश्यांची अदलाबदल केलीत, नाही तर हात न धुता काम केलंत."

"मी तीनदा पाहिलं, साहेब."

"मग तीनदा चुकलात! सगळ्याच मोजणीवरचा माझा विश्वास उडाला. या महिन्याअखेर तुमच्या नेमणुकीची मुदत संपते. ती वाढवावी असं मला तरी वाटत नाही."

मी हातात कुंडी घेऊन दाराशी उभा होतो. त्या क्षणी मी बोलावयास हवे होते. बोललो नाही. माझी नोकरी, ताईचे घर, माझे चोख म्हणून असलेले नाव, सर्व डोळ्यांपुढून सरकले... आणि मी कुंडी जागेवर ठेवून निघून गेलो. हेही येथे लिहून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिले, तो बाई ऐंशीच्या ऐंशी बश्या पुन्हा धूत होत्या. थंड पाण्याने बोटे लाल झाली होती, आणि त्या स्वतःचेच हात असे न्याहाळत होत्या, जणू ते परक्याचे आहेत. त्यांचा स्वतःवरचा विश्वास मी ओंजळभर मातीत पुरला होता! मी तसाच साहेबांच्या खोलीत गेलो. बाईंनाही बोलावून घ्या म्हणालो, आणि दोघांसमोर सर्व सांगितले.

साहेबांनी नोंदवही उघडून दोन्ही कुंड्यांचे आकडे पाहिले. "पण वजन कसं जुळलं?"

"तेवढीच माती काढली होती, साहेब."

"लबाडी केलीत, तीही तोलून मापून!" त्यांना हसू आले, पण ते ओठांवरच विरले. चाळीस आणि एकेचाळीस, दोन्ही आकड्यांवर त्यांनी आडवी रेघ ओढली. बाईंची त्यांनी हात जोडून क्षमा मागितली, आणि मला म्हणाले, "उद्यापासून काचघरात पाय ठेवायचा नाही. धान्याच्या गोदामात जा."

बाहेर बाई माझी वाट पाहत थांबल्या होत्या. आजवर मी त्यांच्या डोळ्यांत राग पाहिला नव्हता.

"माझ्यासाठी केलंत?"

"आपण म्हणालात... बघवत नाही."

"म्हणाले. पण तरी रोज बघतच होते ना?" त्या म्हणाल्या. "ते झाड वाकायलाच हवं होतं, काटेवाले. ते का वाकतं हे कळल्याशिवाय बाबांच्या शेतातलं कसं उभं राहणार? मला बरं वाटावं म्हणून तुम्ही मला आंधळं केलंत. एकदा विचारायचं तरी!"

त्या वळून गेल्या. निळी बाही दाराच्या कडेला क्षणभर अडकली, सुटली, आणि दिसेनाशी झाली.

गोदामात पोती तोलताना दिवस जात राहिले. बाईंची मुदत वाढल्याचे कानावर आले. लाल पट्टीच्या कुंड्यांनी तहान सोसून दाणे भरले, आणि पुढच्या हंगामात बुरशी थेट शेतातल्या पेरणीसोबत देणार, हेही कळले. मी कुणाकडे त्यांची चौकशी केली नाही. तो अधिकार मी गमावला होता.

कापणी संपल्यावर एके दुपारी गोदामाच्या दारातून ऊन आत आले होते, आणि त्या उन्हात भुसा तरंगत होता. त्यात त्या उभ्या होत्या... हातात एक कागदी पाकीट.

"एकेचाळिसावीचे दाणे," त्या म्हणाल्या. "हिची नोंद कुठंच नाही. तरी तोला."

"आपण... रागावला नाहीत?"

"रागावले होते. खूप दिवस. मग बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, ज्यानं चूक केली त्याला लपवता आली असती. लपवली नाही ना?"

"आपल्यावर आळ आला, तरी एक दिवस लपवली होती."

"तेही सांगितलं मी." त्यांनी पाकीट पुढे केले. "तोला आता."

मी लहान काटा काढला आणि दाणे ताटलीत ओतले. टपोरे होते. बोटांत दाबले तर एकही दबला नसता. मी आकडा पाहिला. एकवीस ग्राम.

मला ते खरे वाटेना. माझ्या अंदाजाने ते नऊच्या वर असूच शकत नव्हते. मी मान वर केली. निळी बाही ताटलीच्या कडेवर अलगद टेकली होती.

"बाई... आपली बाही—"

"असू द्या," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. त्यांची नजर दाण्यांवर होती. "ह्या वेळी काढणार नाही मी."

मीही काढा म्हणालो नाही. त्या दिवशी वहीत मी एकवीसच लिहिले, आणि माझ्या हाताने लिहिलेला तो एकमेव चुकीचा आकडा होय.

ज्यांनी येथवर वाचण्याचे श्रम घेतले, त्या सर्वांचा मी अंतःकरणपूर्वक ऋणी आहे. हे लिखाण मुळांच्या बाईंनी आधी वाचले असून, माझी चूक जिथे मी सौम्य केली होती तेथे त्यांनी ती पूर्ववत केली आहे.

आपला नम्र,
काटेवाले