पाठीमागचा हात

पूर्वभानलेखक नावाच्या यंत्राच्या खुर्चीत बसायची विशाखा पराडकरची मुळीच इच्छा नव्हती, पण तिला विचारतंय कोण! करारावर तिची सही होती, मोसम सतरा दिवसांवर आला होता, आणि आठ वर्षांची जोडीदारीण इवेट फर्नांडिस हिने सरळ फोन करून सांगून टाकलं होतं, "विशू, या वर्षी मी चेन्नईच्या पोरीबरोबर खेळतेय. जाळीवर मला उंच माणूस हवंय गं. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगते."

वाळूवरच्या व्हॉलीबॉलमध्ये संघ म्हणजे दोघीच. बदली खेळाडू नाही, काही नाही. एक गेली की अर्धा संघ गेला. पूर्वी नवी जोडी जमायला दोन-दोन वर्षं लागत, म्हणून माणसं भांडत-रुसत का होईना, पण टिकवून धरत. हे यंत्र आलं आणि जोडीदार बदलणं उशीचा अभ्रा बदलण्याइतकं सोपं झालं. सोपं कुणाला, ते विचारू नका.

तोंडवळीच्या सागरतट क्रीडाविज्ञान केंद्रात त्या सकाळी चौघंजण होती. यंत्र बनवणारे डॉ. केळुस्कर, शरीरशास्त्र शिकलेल्या प्रशिक्षक लोटलीकर मॅडम, विशाखा, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत तिचे वडील. भिकाजी पराडकर म्हणजे फेरीबोटीवरचे जुने तांडेल. गेली अकरा वर्षं त्यांना कंपवात होता. बोटं सतत थरथरायची आणि चालता चालता पाऊल जमिनीला चिकटून बसायचं. आई गेल्यापासून घरी दुसरं कुणी नव्हतं. म्हणून केंद्रातल्या बाकीच्या मुली चौदाव्या वर्षापासून वसतिगृहात वाढल्या, आणि विशाखा तेवढी रोज संध्याकाळी घरी गेली.

"डॉक्टर, पोरीला नीट समजावून सांगा," मॅडम म्हणाल्या. "ती घाबरलीय."

"त्यात घाबरण्यासारखं काय आहे?" केळुस्कर पडद्यावरून नजर न काढता म्हणाले. "इवेट जाळीशी उडी मारते, त्याच्या आधीच विशाखाचं पाऊल मागे मोकळ्या जागेकडे निघालेलं असतं. डोळ्यांनी बघून, मेंदूला कळवून, पायाला हुकूम सोडेपर्यंत चेंडू वाळूत पडेल. म्हणून आपलं अनुमस्तिष्क, म्हणजे डोक्याच्या मागचा तो लहान मेंदू, ओळखीच्या माणसाचा एक ठसा बाळगून असतो. माणूस हलायच्या पाव सेकंद आधी तो ठसा हलतो. यालाच आम्ही पूर्वभान म्हणतो."

"मग नव्या जोडीदारणीचा, हर्षिलाचा ठसा इवेटच्या शेजारी लिहा की," मॅडम म्हणाल्या. " इवेटला कशाला पुसायचं?"

"करून पाहिलं, मॅडम. कोऱ्या जागेवर लिहिलेला ठसा आठवड्यात विरून जातो. वर्षानुवर्षं तयार झालेल्या जोडण्या आयत्या मिळाल्या तरच तो टिकतो. म्हणून यंत्र सर्वांत खोल ठसा हुडकतं आणि त्याच्यावरच नवा लिहितं."

"आणि तो ठसा जोडीदाराचाच, हे कशावरून? ठशावर काय नाव लिहिलेलं असतं?"

केळुस्कर हसले. "नाव नसतं. पण छत्तीस मुलींवर प्रयोग झालेत, एकही अंदाज चुकला नाही. दिवसाचे सहा तास, आठ-आठ वर्षं! नवराबायकोसुद्धा एकमेकांबरोबर इतकं हलत नाहीत."

"आणि तोच ठसा पुन्हा हवा असला तर?" विशाखाने विचारलं.

"पुसला तो पुसला. परत हवा तर तितकीच वर्षं त्या माणसाबरोबर घालवावी लागतील."

 विशाखाला इवेट सोडून गेली याचा राग होताच, पण इवेटला ओळखणारं आपल्यातलं काहीतरी हे लोक खरवडून काढणार, हे त्याहून वाईट होतं. ती टेबलावर वाकून संमतीपत्राच्या पानापानावर सही करू लागली. तिच्या पाठीमागे बाबा पाणी प्यायला उठले, एक पाऊल टाकलं आणि दुसरं चिकटलं. विशाखाचा डावा हात मागे गेला, त्याने त्यांचं कोपर तळव्यात घेतलं आणि ते सावरल्यावर परत आला. उजव्या हाताची सही मध्ये थांबलीसुद्धा नाही. मॅडम पिशवीत चष्मा शोधत होत्या आणि डॉक्टर पडद्यावरचे आकडे बघत होते.

यंत्राचं काम चाळीस मिनिटांत आटोपलं. दुखलंखुपलं काही नाही.

दुपारी तिला वाळूवर हर्षिला म्हात्रेबरोबर उभं केलं. हर्षिला अलिबागची, एकोणीस वर्षांची, आणि दोघी याआधी फक्त एकदा चहाला भेटलेल्या. नव्या जोड्यांत जाळीशी उभी असलेली खेळाडू पाठीमागे हात धरून मागचीला बोटांनी खुणा करते. एक बोट म्हणजे मी सरळ रेषेतला फटका अडवते, दोन म्हणजे तिरका. हर्षिलाने सवयीने बोटं दाखवली, पण विशाखाने ती बघायच्या आधीच तिचे पाय निघाले होते. बरोबर जागी! अगं बाई, हे भूत कुठून आलं अंगात, असं तिला झालं. कडेला खुर्ची टाकून बसलेल्या बाबांनी मान डोलावली. बोटांची ती भाषा त्यांना भारी आवडायची. इवेट आणि विशाखा खुणा करत नसत, म्हणून ते नेहमी कुरकुरायचे.

संध्याकाळी चारच्या सुमाराला इवेट आपलं सामान न्यायला आली. यंत्राच्या खुर्चीत बसायची तिची पाळी पुढच्या सोमवारी होती.

"झालं तुझं?"

"झालं."

दोघी वाळूकडे बघत उभ्या राहिल्या. मग इवेटच म्हणाली, "एक शेवटचा डाव? त्या दोन ज्युनियर पोरी रिकाम्याच आहेत."

विशाखा मनातून मेल्यासारखी उतरली. पहिला चेंडू आला. इवेट जाळीवर उडाली आणि विशाखा उजवीकडे झेपावली. चेंडू तिच्या मनगटांवर आला. दुसरा आला, तिसरा आला. एकही खूण नाही, हाक नाही. इवेट मागे न बघता चेंडू सोडायची आणि विशाखा तिथे असायची. सगळं जिथल्या तिथे होतं! इवेट पुसली गेलीच नव्हती.

"यंत्र फसलं की काय गं?" इवेट धापा टाकत म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"गप्प बस," विशाखा तिच्या गळ्यात पडत म्हणाली. "कुणाला बोलू नकोस. कळलं तर पुन्हा बसवतील खुर्चीत."

हर्षिलाही मिळाली आणि इवेटही राहिली. देवाने छप्पर फाडून दिलं, असंच तिला वाटलं. रिक्षात बाबांना ती तेच तेच सांगत होती आणि म्हातारा हसत होता.

घरी आल्यावर तिने चहा टाकला. स्वयंपाकघर ते केवढं! बाबा नेहमीसारखे तिच्या मागे, हाताच्या अंतरावर, दाराला टेकून उभे होते. विशाखा डाव्या हाताने गाळणं धरून बोलत होती, "आणि बाबा, तिसरा चेंडू तर मी बघितलासुद्धा नाही..."

मागे धप्प आवाज झाला.

ती वळली. बाबा फरशीवर पडले होते, मनगट अंगाखाली सापडलेलं. अकरा वर्षांत तिच्यासमोर ते एकदाही पडले नव्हते. विशाखाने आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. त्यात गाळणं तसंच होतं. हात हललासुद्धा नव्हता.

तेव्हा तिला सगळं कळलं. यंत्र फसलं नव्हतं. सर्वांत खोल ठसा त्याने बरोबर हुडकला होता. तो इवेटचा नव्हता, इतकंच.

प्लास्टर घालून झाल्यावर तिने दवाखान्यातूनच केळुस्करांना फोन लावला. घडलं ते सगळं सांगितलं.

"तुम्ही वसतिगृहात नव्हतात?" त्यांनी विचारलं. "आमच्या सगळ्याच मुली... म्हणजे, हा प्रश्न आम्ही कधी विचारलाच नाही."

"परत लिहा, डॉक्टर. हर्षिलाला काढा आणि बाबांना लिहा. हवं तर इवेटला काढा."

"कशावरून लिहू? नवा ठसा लिहायला जोडीदाराच्या हालचालींची नियमित नोंद लागते. हर्षिलाची आहे. तुमच्या वडिलांचं पाऊल केव्हा चिकटेल याला नियमच नाही. ते तुम्ही अकरा वर्षं त्यांच्याबरोबर राहून शिकलात. पुन्हा तसंच शिकावं लागेल."

"डॉक्टर, बाबा एकाहत्तर वर्षांचे आहेत."

 केळुस्कर म्हणाले, मला फार वाईट वाटतं. खरंच वाटत असावं.

दुसऱ्या दिवशी विशाखा सरावाला गेली नाही. बाबा पलंगाच्या कडेला बसले होते आणि ती त्यांच्यासमोर गुडघे वाकवून, दोन्ही हात पुढे करून उभी होती, पहिल्यांदाच मैदानात उतरलेल्या पोरीसारखी. डोळ्याची पापणी लववायचीही तिला भीती वाटत होती. सकाळपासून दोनदा तिने त्यांना उगीचच धरलं होतं आणि एकदा धरायला उशीर केला होता. नशीब, मागे पलंग होता.

"असा काय बघतंस गो?" बाबा म्हणाले. "तुका कधी बघूचा लागला नाय."

तिला रडू फुटलं. "मला कळत नाही हो बाबा. तुम्ही केव्हा पडणार ते मला काहीच कळत नाही."

 म्हाताऱ्याच्या तोंडावर जुना तांडेल उमटला. "रडा नको. तुमच्या खेळात करतत तसा करूया. मी पुढे चलतंय, तू माज्या मागे रव. एक बोट म्हणजे पाय ठीक असा. दोन म्हणजे चिकाटतलो, धर. समाजला?"

तिने डोळे पुसून मान हलवली आणि त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली.

प्लास्टरचा हात छातीशी धरून बाबा सावकाश उठले. दुसरा हात त्यांनी पाठीमागे नेला आणि जाळीशी उभ्या खेळाडूसारखा कमरेवर ठेवला. मोठ्या निगुतीने त्यांनी खूण केली.

विशाखा वाकून बघत राहिली. बोटं थरथरत होती. एक आहे की दोन, काही केल्या तिला समजेना, आणि बाबांनी पाऊल उचललं होतं.