राग नव्हता

चहा गार होतोय, घे आधी. तू विचारलंस म्हणून सांगते, नाहीतर हे मी कोणाला सांगत बसत नाही. पेशंट सांभाळायच्या कामात मला एकतीस वर्षं झाली. या कामात दमायला होतंच, त्यात सांगण्यासारखं काय? पण त्या घरातलं दमणं वेगळं होतं.

ब्युरोच्या बाईंचा फोन आला तेव्हा मी नुकतंच एक काम संपवून आले होते. संपवून म्हणजे, पेशंट गेले. चार दिवस नुसतं झोपून काढायचं ठरवलं होतं. बाई म्हणाल्या, "मावशी, दिवसाचंच काम आहे. साडेआठ ते साडेसहा. म्हातारीचं मांडीचं हाड मोडलंय, अंथरुणावरच असते. तोंडाने फटकळ आहे, पण डोकं शाबूत आहे." मी पत्ता लिहून घेतला. फोन ठेवता ठेवता त्या जरा घुटमळल्या. "सहा महिन्यांत चार बायका सोडून गेल्यात तिथून. भांडून नाही हो. दमलो म्हणाल्या आणि गेल्या. त्यांच्या मुलाशी एकदा बोलून घ्या."

तिसरा मजला, लिफ्ट नाही. दार मुलानेच उघडलं. पंचेचाळिशीचा असेल. छापखान्यात मुद्रितं तपासायचा, डोळे त्यातच गेलेले. त्याने मला बसवलं, पाणी दिलं आणि मग उभ्याउभ्याच सांगून टाकलं, पाठ केलेलं म्हणून दाखवावं तसं.

त्याची मोठी बहीण तुरुंगात होती. वडिलांना अर्धांगवायू झाला तेव्हापासून अकरा वर्षं तिनेच त्यांचं सगळं केलं. भरवणं, पुसणं, कूस बदलणं, सगळं. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी तिने त्यांच्या तोंडावर उशी दाबली. मग त्यांचे केस विंचरले, चादर बदलली आणि चालत पोलीस चौकीवर गेली. तिथे तासभर बाकावर बसून राहिली, कारण तिच्याकडे बघून कोणाला वाटलंच नाही की हिला काही सांगायचं असेल.

"कोर्टात सगळ्यांनी विचारलं, राग कशाचा होता," तो म्हणाला. "वकील तर म्हणाले, रागाच्या भरात झालं असं सांग, शिक्षा कमी होईल. ताई एकच सांगत राहिली. राग नव्हता."

"आणि आजी त्याच खोलीत आहेत?"

"ऊन त्याच खोलीत येतं हो." मग म्हणाला, "खाट नवीन घेतलीय."

मी कामाला लागले. आजींचं माझं पहिल्या दिवसापासून जमलं. "आधीच्या बाईचे हात बर्फासारखे होते," त्या म्हणाल्या. "तुझे बरे आहेत. तोंड मात्र पाडू नकोस. मी पाडलंय तेवढं या खोलीला पुरे आहे." दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठीला पावडर लावायची, टाचांखाली मऊ कापडाची वळकटी ठेवायची. आजींची कातडी कांद्याच्या सालीसारखी झाली होती, पण त्यांना एकही जखम झाली नव्हती. मी होऊ देणारही नव्हते.

खोली साधीच होती. एक खिडकी, एक कपाट, एक खाट. पावडरचा, औषधाचा आणि उन्हात तापलेल्या गादीचा वास. तो मला सवयीचा आहे. पण दुपारी तीनच्या सुमाराला त्यात आणखी एक वास मिसळायचा. कसा सांगू... रात्रभर न झोपलेल्या माणसाच्या श्वासाचा असतो ना, तसा.

आणि मग तो थकवा यायचा.

माझा थकवा मी ओळखते. तो कमरेत सुरू होतो आणि खाली पायांत उतरतो. हा मनगटांत सुरू व्हायचा. हळूहळू दंडांत चढायचा, मग मानेत. झोप यायची नाही. फक्त वाटायचं की हे हात आपण फार फार वर्षं उचलून धरलेत. तिसऱ्या दिवशी मला वाटलं, वय झालं आपलं. पाचव्या दिवशी मनगटांना तेल लावून गेले. आठव्या दिवशी आजींना भरवताना चमचा हातातच राहिला, आणि माझ्या पाठीमागे अगदी जवळ कोणीतरी लांब श्वास सोडला. ओझं खाली ठेवल्यावर सोडतात तसा.

मी वळून पाहिलं. कपाट होतं. दुसरं काही नव्हतं.

"तिला बसायला सांग," आजी म्हणाल्या.

"कोणाला, आजी?"

"तुझ्या मागे आहे तिला. केव्हाची उभी आहे."

म्हातारी माणसं बोलतात असं काहीबाही. मी हसले आणि त्यांचं तोंड पुसलं. पण त्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागेच लागली होती. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, कीव होती. त्याचंच मला नवल वाटलं.

नंतरचे दिवस मी कसेतरी ओढले. घरी जाऊन जेवायचंही भान राहायचं नाही. माझी लेक म्हणाली, "आई, सोड ते काम." मी म्हटलं, महिना पुरा होऊ दे.

मग एक दिवस आजींचं पोट बिघडलं. सकाळपासून तीन वेळा मी त्यांना स्वच्छ केलं, तीन वेळा चादर बदलली. पावणेतीनला चौथ्यांदा. शेवटची धुतलेली चादर घातली, कोपरे खोचले, त्यांना कुशीवर वळवलं. त्या डोळे मिटून पडल्या. मी त्यांच्या पाठीशी लावायची उशी उचलली.

एवढंच मला आठवतं, की उशी उचलली. मग मनगटं जड झाली... मग दंड. तो वास आला. आणि मनात कोणीतरी बोलायला लागलं. आवाज नव्हता गं तो. आपलाच विचार असतो ना, तसाच, फक्त माझा नव्हता. फार मायेने म्हणत होता... झालं आता... किती केलंस... तिलाही झोपू दे, तूही झोप... जरासं दाबून धरायचं, बस... मग कोणाला उठायला नको...

तुला खरं सांगते, माझ्या मनात आजींबद्दल एवढंसं वाईट नव्हतं. उलट इतकी माया कधी मला माझ्या लेकीचीही आली नसेल. त्यांचा हडकुळा गाल दिसत होता. वाटलं, बिचारी. वाटलं, आपण हिचं भलंच करतोय. उशी त्यांच्या तोंडापासून वीतभर वर आली होती आणि मला त्यात काहीच चुकीचं वाटत नव्हतं.

आजींनी डोळे उघडले. त्यांनी उशीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. ओरडल्या नाहीत. हात बाजूच्या स्टुलाकडे नेला, पाण्याचा भरलेला तांब्या धरला आणि सगळाच्या सगळा त्या नव्या चादरीवर उपडा केला.

"आजी!" मी किंचाळले. "अहो, आत्ता बदलली ना! शेवटची चादर होती ती! चार वेळा... चार वेळा वाकलेय मी सकाळपासून! माणूस आहे की कोण आहे मी?"

माझा आवाज खालच्या मजल्यापर्यंत गेला असेल. कानशिलं तापली आणि उशी माझ्या हातातून जमिनीवर पडली. मनगटं हलकी झाली होती. समोर भिजलेली म्हातारी पडली होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"रागाव," त्या म्हणाल्या. "आणखी रागाव. मोठ्याने. माझी पोर अकरा वर्षांत एकदा जरी अशी ओरडली असती ना..."

मी खाटेच्या कडेला बसले.

"मी दारात होते त्या दिवशी," आजी म्हणाल्या. हे त्यांनी कोणालाही सांगितलं नव्हतं, पोलिसांना नाही, मुलाला नाही. "तेव्हा मी काठी घेऊन चालायची. इथे आले तर ती उशी घेऊन वाकलेली. नुसती हाक मारली असती तरी थांबली असती. पण मला... मला इतकं दमल्यासारखं झालं गं. वाटलं, होऊ दे. एकदाचं होऊ दे. मी चौकटीला टेकून उभी राहिले. आणि तिच्या मागे दुसरी एक उभी होती. मान खाली घातलेली. दोघींच्या खांद्यांचा उतार अगदी सारखा."

"कोण होती?"

"मला काय ठाऊक? हे घर आम्ही घेतलं तेव्हा रिकामं होतं. आधीही कोणाची आजारपणं झाली असतील इथे... कोणीतरी काढलीही असतील..."

संध्याकाळी मुलगा आला तेव्हा आम्ही दोघींनी त्याला सगळं सांगितलं. मला वाटलं हाकलून देईल. तो बराच वेळ चष्मा पुसत राहिला. मग म्हणाला, "छापखान्यातून तसा पाचलाच सुटतो मी. दीड तास उगाच रस्त्याने फिरतो. घरात शिरवत नाही." त्याच संध्याकाळी शेजाऱ्याला बोलावून आम्ही खाट बाहेरच्या खोलीत आणली. त्या खोलीला कुलूप घातलं. किल्ली त्याच्या जुडग्यात.

तो महिन्यातून एकदा बहिणीला भेटायला जायचा. पुढच्या भेटीला आजींनी त्याच्याबरोबर निरोप दिला, की मी दारात होते, मी पाहिलं आणि थांबवलं नाही. तो परत आला तो बूट न काढताच खुर्चीत बसला.

"काय म्हणाली?" आजींनी विचारलं.

"म्हणाली, माहीत आहे. काठीचा आवाज ऐकला होता." त्याने चष्मा काढून हातात धरला. "म्हणाली, आई हाक मारेल म्हणून मी थोडं थांबलेही होते."

आजी त्या दिवशी जेवल्या नाहीत. मीही आग्रह केला नाही.

तू म्हणशील, काम का नाही सोडलंस? सोडणारच होते. पण त्या उशीच्या दिवसानंतर सकाळी आठला मी चपला घातल्या आणि निघाले. आजींनी मला वाचवलं होतं की स्वतःला, हे अजून मला सांगता येत नाही. आम्ही एक पद्धत पाडली. रोज तीन वाजले की भांडायचं. औषधावरून, उशीवरून, कशावरूनही, पण अगदी मनापासून. आजी तर तयारीच करून ठेवायच्या. "आज मी तुझ्या भाजीला नावं ठेवणार आहे," असं सकाळीच सांगायच्या. शेजारीण एकदा समजूत घालायला आली, तर आम्ही दोघींनी मिळून तिलाच झापलं. तो थकवा बाहेरच्या खोलीत कधी आला नाही. तेव्हापासून मी कुठल्याही घरी गेले तरी तीनला एकदा आवाज चढवतेच. आता तुला कळलं ना का ते.

आजी आठ महिन्यांनी गेल्या. सकाळी, खाऊन झाल्यावर, माझ्याशी बोलता बोलता. त्यांच्या अंगावर शेवटपर्यंत एकही जखम नव्हती.

पंधरा दिवसांनी मुलाने घर सोडायचं ठरवलं. आवराआवरीला मला बोलावलं. सगळं बांधून झालं, ती एकच खोली राहिली. त्याने कुलूप काढलं. आठ महिने बंद होती. फरशीवर धुळीचा थर, खिडकीच्या कडीला जाळं, कपाटाच्या दारावर बोट फिरवलं तर रेघ उठेल एवढी धूळ. धुळीत पाऊल कुठेच उमटलेलं नव्हतं.

खाट जिथे असायची त्या जागी, जमिनीवर, एक तसराळं ठेवलं होतं. एनॅमलचं, कडेला पोचा आलेलं, अंग पुसायला घेतात तसं. काठोकाठ पाणी. शेजारी पिळून घडी घातलेलं फडकं.

"मावशी," मुलगा हळूच म्हणाला, "हे तुम्ही..."

"किल्ली तुमच्याकडे होती," मी म्हटलं. असलं तसराळं त्या घरात मी कधी पाहिलं नव्हतं.

तो आत येईना. मी गेले, गुडघ्यावर बसले आणि सवयीने कोपर पाण्यात बुडवलं. पेशंटला चटका बसू नये म्हणून आपण पाहतो ना, तसं.

पाणी कोमट होतं. अंगाला सोसेल एवढंच.